वाचकाविना मान्यता : मराठीच्या प्राध्यापकाच्या गुणवत्तेचा प्रश्न

१

मराठी समीक्षा क्षीण झाली आहे, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यांनाही तिचा कंटाळा यावा. तिची कारणे सांगताना पाश्चात्त्य सिद्धान्तांचे अर्धवट अनुकरण, गटबाजी, नियतकालिकांची दुरवस्था, वाचकांची उदासीनता अशी नावे घेतली जातात. या यादीत एक कारण क्वचितच येते. ज्यांच्या हातून ही समीक्षा लिहिली जाते त्यांतील बहुसंख्य लोक महाविद्यालयांत नोकरी करतात, आणि त्यांची वेतनश्रेणी, पदोन्नती व प्रतिष्ठा ज्या नियमांनी ठरते तेच नियम त्यांच्या लेखनाचे स्वरूपही ठरवू लागतात. समीक्षेच्या चर्चेत पगाराचा विषय काढणे अभिरुचीला सोडून आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत मोडल्यावाचून या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : वाङ्मयाच्या अध्यापकाचा व्यावसायिक विकास होतो तो मुख्यतः त्याचे लेखन जाणकारांनी वाचल्यामुळे, त्यावर वाद घातल्यामुळे आणि त्या वादातून तो पुन्हा वर्गात गेल्यामुळे. गेल्या दीड दशकात मान्यतेची जी यंत्रणा उभी राहिली तिने या व्यवहारातून वाचकालाच वजा केले. मराठीचे विभाग व मराठीची नियतकालिके यांनी तिला विरोध तर केला नाहीच. उलट तिला लागणारा कच्चा माल पुरवला.

२

विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० जून २०१० रोजी अध्यापकांच्या नेमणुका व पदोन्नती यांसंबंधी नियमावली जारी केली आणि 'एपीआय' ही तीन अक्षरे प्राध्यापकांच्या बोलण्यात रूढ झाली. या नियमावलीतील गुणांचा तक्ता हा आपल्या वाङ्मयीन संस्कृतीचा एक दस्तऐवज म्हणून वाचण्याजोगा आहे. त्यात परीक्षित नियतकालिकातील एका शोधनिबंधाला १५ गुण होते. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला ५०, राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाच्या ग्रंथाला २५, आणि 'स्थानिक' प्रकाशकाने आयएसबीएन क्रमांकासह काढलेल्या ग्रंथाला १५. किमान दोन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला २० गुण होते.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या भाषेतील प्रकाशनव्यवहार प्रायः एका राज्यापुरता असतो त्या भाषेतील प्रकाशक स्थानिक की राष्ट्रीय, हे ठरवायचे कोणी? तो स्थानिक ठरला, तर आठ-दहा वर्षे खपून लिहिलेला ग्रंथ हा आठ-दहा पानांच्या एका निबंधाएवढा आणि दोन आठवडे एका सभागृहात बसून मिळवलेल्या प्रमाणपत्रापेक्षा कमी मोलाचा ठरला. नियम करणाऱ्यांना हे दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. त्यांच्यासमोर जो 'अध्यापक' होता तो इंग्रजीत लिहिणारा, आणि बहुधा विज्ञानाचा होता, असेच अनुमान यावरून निघते.

१८ जुलै २०१८ च्या नियमावलीने एपीआयचा काच सैल केला असे सांगितले गेले. अध्यापनाचे मूल्यमापन आता श्रेणीने होऊ लागले. परंतु ही श्रेणी कशावरून ठरते? नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती घेतल्या यावरून. ८० टक्के व त्याहून अधिक घेतल्या तर अध्यापन 'चांगले', ७० ते ८० टक्के असतील तर 'समाधानकारक'. त्या तासिकेत काय घडले, हा प्रश्न तक्त्यात नाही. संशोधनाच्या गुणांत भाषाविषयांतील एका निबंधाला १० गुण आले आणि अनुवादित ग्रंथाला ८. म्हणजे साहित्यसिद्धान्ताचा एखादा मूलभूत ग्रंथ, त्याची परिभाषा मराठीत घडवीत, ज्याने सबंध भाषांतरित केला, त्याचे श्रम त्या ग्रंथावर आधारलेल्या एका निबंधाहून दोन गुणांनी कमी. मराठीत सैद्धान्तिक परिभाषा का स्थिरावत नाही, यावर आपण परिसंवाद घेतो. त्या परिसंवादात वाचलेल्या निबंधालाही गुण मिळू शकतात. परिभाषा घडविणाऱ्याला मात्र ते जेमतेमच मिळतात.

३

हे सर्व अमूर्त राहू नये म्हणून एका ठिकाणाचा विचार करू. पुणे-नाशिक मार्गावरचे मंचर हे आंबेगाव तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. येथे रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आहे आणि त्याच्या विज्ञान शाखेला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही महाविद्यालये आहेत. त्यांपैकी कोणत्याही एकाच्या कारभाराविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परिघावरील अशा भागात मराठी शिकविणारा अध्यापक आपल्या विषयात वाढावा म्हणून त्याच्या अवतीभोवती काय आहे, आणि त्यातील कशाला यंत्रणेच्या लेखी किंमत आहे, एवढाच प्रश्न आहे.

त्याच्या अवतीभोवती जे आहे त्याचा हेवा कोणत्याही विद्यापीठीय विभागाने करावा. मंचरहून नाशिककडे निघाले की नारायणगाव लागते. यात्रांच्या हंगामाआधी तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग यांचे हे गाव. मराठी प्रयोगरूप वाङ्मयाचा जिवंत बाजार येथे दरवर्षी भरतो. पश्चिमेला घोडेगाव ओलांडून डिंभे धरणाच्या वर गेले की महादेव कोळ्यांच्या वाड्या लागतात. त्यांची बोली, गाणी, विधी यांची नोंद अजून कितीतरी व्हावयाची आहे. उत्तरेला नाणेघाटात नागनिकेचा प्राकृत शिलालेख आहे, ज्याचा दाखला मराठीच्या प्राचीनत्वासाठी वारंवार दिला जातो. आणि या सगळ्यांतून आलेली मुले-मुली वर्गात समोर बसलेली असतात. त्यांच्यातील अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले ते पहिलेच. प्रमाण मराठीतील कविता त्यांच्या बोलीच्या कानाने वाचली जाते तेव्हा काय होते, हा वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्ताला खरे आव्हान देणारा प्रश्न आहे, आणि तो या अध्यापकाला रोज फुकट मिळतो.

आता यंत्रणा काय म्हणते ते पाहा. राहुट्यांत चार हंगाम बसून तयार केलेली वगांची सूची, बोलीचा कोश, गाण्यांचे संहितासंपादन, विद्यार्थ्यांकडून करून घेतलेला गावच्या म्हणींचा संग्रह ही कामे संथ असतात, बहुधा स्थानिक प्रकाशकाकडे जातात किंवा हस्तलिखितातच राहतात. याउलट 'लोकसाहित्य : स्वरूप आणि संकल्पना' या विषयावर, आधीच्या पाच पुस्तकांतील व्याख्या एकाखाली एक मांडून, आठवड्याभरात निबंध होतो, तो चर्चासत्राच्या संकलनात छापला जातो आणि गुण पदरात पडतात. शहाणा माणूस यांतील कोणते काम करील? महादेव कोळ्यांवरील महत्त्वाचे लेखन ज्यांच्या नावावर आहे ते जुन्नर तालुक्यातील डॉ. गोविंद गारे महाविद्यालयीन पदोन्नतीच्या शिडीवरून आलेले नव्हते. आदिवासी संशोधनाच्या शासकीय संस्थेत त्यांची हयात गेली. रा. चिं. ढेरे यांनी तर विद्यापीठीय नोकरीच्या बाहेर राहूनच दैवतांचा इतिहास लिहिला. मोठे काम यंत्रणेबाहेर घडते याचा आपण अभिमान बाळगतो. त्यातून यंत्रणेवर जो ठपका येतो त्याकडे मात्र लक्ष देत नाही.

४

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गंभीरपणे घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, की मोजमाप येण्यापूर्वी काय सत्ययुग होते? संस्थाचालकांची मर्जी, जात, नातेगोते आणि विभागप्रमुखाचे दप्तर वाहणे यांवर मान्यता ठरत होती. आकड्यांनी निदान खेड्यातल्या निराधार अध्यापकाला दाद मागण्याची सोय दिली. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु वशिल्यावरचा उपाय म्हणून आलेल्या आकड्यांनी वशिला हटविला नाही, त्याला बाजारभाव दिला. आयएसएसएन हा निव्वळ नोंदणीचा क्रमांक. तो गुणवत्तेची खूण मानला गेल्याबरोबर पृष्ठामागे दर आकारणारी नियतकालिके उगवली. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची छाननी करणारा अभ्यास भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. मग 'केअर' यादी आली. तीत नाव असलेल्या जुन्या नियतकालिकांच्या नकला निघाल्या. अखेर तीही यादी बंद करण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला. योगायोग असा, की त्याच ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषा अभिजात झाली, आणि तिच्यातील कोणते नियतकालिक वाचण्याजोगे आहे हे सांगण्याची जबाबदारी त्याच दिवशी पुन्हा आपल्यावर आली. ती आपण घेतली आहे असे दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : तालुक्याच्या गावचा प्राध्यापक मुळात वाचतच नाही, नियम काहीही असोत, तो उसनेच लिहिणार. हे इतिहासाला धरून नाही. धुळ्यातून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ पासून 'कवितारती' चालविले. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत अध्यापन करीत 'अस्मितादर्श' उभे केले आणि दलित साहित्याला आपली समीक्षा मिळाली. म. द. हातकणंगलेकर सांगलीत इंग्रजी शिकवीत मराठी कथेवर लिहीत होते. भालचंद्र नेमाडे यांची अध्यापकीय वाटचाल नगर, धुळे, औरंगाबाद अशी झाली. या माणसांना लिहिण्याची उमेद कोणत्या गुणतक्त्याने दिली? लिहिले तर कोणीतरी वाचील, खोडून काढील, पत्र पाठवील, ही खात्री त्यांच्यापाशी होती. नियतकालिक हे त्यांचे खरे उजळणी वर्ग होते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. त्यांचे २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून मालवीयांचे नाव आले. नावे बदलली. मात्र तेथे जाऊन आलेल्या अध्यापकाचा एखादा लेख तेथे कोणी बारकाईने वाचला व त्याला परत लिहायला लावले, असे किती वेळा घडले?

येथे मराठी नियतकालिकांनाही जबाबदारीतून मोकळे करता येत नाही. पदोन्नतीच्या मुलाखती जवळ आल्या की लेखांचा ओघ वाढतो, हे संपादकांना ठाऊक असते. परीक्षकाचे मत लेखकाला कळविण्याची प्रथा नाही. छापलेल्या लेखावर प्रतिवाद छापण्याची प्रथा होती, तीही विरत चालली आहे. ग्रंथपरीक्षण हे समीक्षेचे पहिले कर्तव्य; त्याला गुण नाहीत म्हणून चांगला अभ्यासक ते लिहीत नाही, आणि संपादक परिचयवजा मजकुरावर भागवतो. ज्याला कोणी वाचत नाही असा लेख छापणे म्हणजे लेखकावर उपकार नव्हे. त्याच्या वाढीची एक संधी त्यात गमावली जाते.

५

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात गुणांच्या बेरजेऐवजी नऊ क्षेत्रांतील 'उल्लेखनीय योगदाना'ची भाषा आहे आणि भारतीय भाषांतील अध्यापनाचा समावेशही आहे. हे स्वागतार्ह वाटेल. परंतु योगदान उल्लेखनीय आहे की नाही हे ते वाचल्याशिवाय ठरत नाही, आणि वाचणारे कोण याचे उत्तर कोणत्याही मसुद्यात नसते. वरच्या पदांसाठी निवडक प्रकाशने तज्ज्ञांकडे पाठविण्याची तरतूद २०१० मध्येही होती. मात्र बेरजेचा उंबरठा ओलांडल्यावरच ती लागू होत असल्याने लेखन वाचले जाण्याआधीच मोजले गेलेले असे.

म्हणून मागणी साधी आहे. पदोन्नतीच्या प्रत्येक टप्प्यावर अध्यापकाने आपले दोनच लेखन द्यावे. ते महाविद्यालयाबाहेरच्या दोघा जाणकारांनी वाचावे आणि त्यांचे लेखी, सकारण मत लेखकाच्या हाती पडावे. अनुवाद, संहितासंपादन, सूची, कोश व ग्रंथपरीक्षण यांना निबंधाच्या बरोबरीचे संशोधन मानावे. अध्यापनाचे मूल्यमापन सहव्यवसायीने वर्गात बसून करावे; हजेरीपटाने नव्हे. आणि ज्यांच्या खांद्यावर आज अनेक महाविद्यालयांतील मराठीचे विभाग उभे आहेत त्या तासिका तत्त्वावरील अध्यापकांना ही दारे खुली करावीत. पदोन्नतीच्या शिडीची पहिली पायरीच ज्यांना नाही, त्यांच्या व्यावसायिक विकासाविषयी बोलणे ही आज शुद्ध थट्टा आहे.

यांतील काही गोष्टींना आयोगाची परवानगी लागेल. सर्वच गोष्टींना ती लागत नाही. आलेला लेख वाचून लेखकाला दोन पानांचे उत्तर धाडणे, परीक्षणाला मानाचे स्थान देणे, प्रतिवादासाठी पाने राखून ठेवणे हे कोणताही संपादक पुढच्या अंकापासून करू शकतो. मंचरच्या वर्गातून निघालेला एखादा अस्सल प्रश्न मराठी समीक्षेपर्यंत पोहोचायचा असेल, तर तो वाचायला तेथे कोणीतरी असावे लागेल.