दान आणि अपहार

‘गाणे देवाचे, त्याला मोल कसले?’ असा प्रश्न उत्सवसमितीच्या बैठकीत कोणी विचारला की सर्वांच्या माना डोलतात आणि पखवाजवाल्याची बिदागी शाल-नारळावर भागवली जाते. प्रश्न भाविक दिसतो. परंतु त्यात एक लबाडी दडलेली आहे. ती उघड करण्यासाठी मी मुद्दाम अमेरिकेतील उदाहरण घेतो. कारण दूरच्या तंट्यात आपला स्वार्थ गुंतलेला नसतो.

लॉस एंजेलिस येथे १९६४ साली ‘द बर्ड्स’ हा पाच तरुणांचा वृंद उभा राहिला. रॉजर मॅग्विन याच्या बारातारी विद्युत्-गिटारीवर लोकगीताची चाल आणि रॉक संगीताचा ठेका एकत्र आला. त्या प्रकारालाच ‘फोक-रॉक’ हे नाव रूढ झाले. १९६५ साली बॉब डिलनचे ‘मिस्टर टॅम्बोरीन मॅन’ गाऊन हा वृंद अमेरिकेत व इंग्लंडात विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘टर्न! टर्न! टर्न!’ या गीताने अमेरिकेत तोच मान मिळविला. या गीताचे बहुतेक शब्द बायबलातील ‘उपदेशक’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातले, चाल पीट सीगर यांची, गायन-वादन बर्ड्सचे.

आमच्या आक्षेपकांच्या न्यायाने, शब्द धर्मग्रंथाचे म्हणून गाणे सर्वांचे! पण तबकड्या काही प्रसादासारख्या वाटल्या गेल्या नाहीत. त्या विकल्या गेल्या. आणि ११ जुलै २००० रोजी अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे मॅग्विनने साक्ष दिली की, बहुतेक ध्वनिमुद्रणांबद्दल आगाऊ मिळालेल्या माफक रकमेपलीकडे आपल्या हाती काही पडले नाही. शिवाय त्या देशात साध्या रेडिओवर तबकडी वाजली, तर कायद्याने गीतकार-संगीतकाराला मोबदला मिळतो; गाणाऱ्याला नाही. सारांश, ‘गाणे सर्वांचे’ हे सूत्र व्यवहारात ‘गाणे विकणाऱ्याचे’ असे ठरते.

कोणी म्हणेल, पैशाची भाषा आली की भाव जातो. बर्ड्समध्ये जीन क्लार्कला गीतकार म्हणून इतरांहून अधिक पैसा मिळे व त्यावरून मत्सर माजला, हे खरे आहे. परंतु एकाच्या श्रमाला मोल आणि दुसऱ्याच्या श्रमाला केवळ टाळ्या, अशी वाटणी झाल्यावर दुसरे काय होणार? दोष मोबदल्याचा नव्हे, विषम वाटणीचा आहे.

याच मॅग्विनने १९९५ च्या नोव्हेंबरपासून पारंपरिक लोकगीते, दरमहा एक याप्रमाणे, स्वतः गाऊन इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्यास आरंभ केला. सिनेटपुढे कमी मोबदल्याची कथा सांगणारा आणि लोकगीते फुकट वाटणारा मनुष्य एकच! यात विसंगती मुळीच नाही. देणाऱ्याने आपल्या हाताने दिले तर ते दान. त्याच्या मुठीतून दुसऱ्याने काढून घेतले तर तो अपहार. वस्तू तीच, फरक आहे तो संमतीचा.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन गीतकार, संगीतकार व कलावंत यांच्या वाट्याला काहीसे संरक्षण मिळाले. धार्मिक विधीतील गायनाला हाच कायदा सूट देतो, आणि ती योग्यच आहे. परंतु ती सूट गीतावरील हक्कापुरती आहे. गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचे श्रम फुकट घेण्याची ती सनद नव्हे. मंडपवाल्याचे, दिवेवाल्याचे, आचाऱ्याचे बिल आपण निमूटपणे चुकते करतो. देवाची आठवण मात्र पखवाजवाल्याच्या वेळीच का व्हावी?

त्याने सेवा म्हणून वाजविले, तर तिचा स्वीकार आपण हात जोडून करावा. पण ती सेवा आहे की नाही, हे त्याने ठरवावयाचे आहे, समितीने नव्हे. देवाच्या नावावर दुसऱ्याचे दान आपण करू लागलो, तर त्याचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होईल, याचा विचार पुढच्या उत्सवाचा हिशेब मांडण्यापूर्वी करावा.