विमान उतरते, वैमानिकाने कोठे उतरावे?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ही म्हण ज्याने केली त्याच्याजवळ निदान घर बांधायला जागा असावी. परक्या शहरात नोकरी लागली आहे, तेथे ना जागा ना ओळख, आणि कामावर मात्र पहाटे चारला हजर व्हायचे आहे, अशा तरुणाने काय पाहावे, हे ती म्हण सांगत नाही. अशाच एका तरुणाची हकीकत सांगून मला एक प्रश्न वाचकांपुढे मांडायचा आहे.

हा तरुण माझा आतेभाऊ. बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन तो उत्तीर्ण झाला आणि वैमानिक होणार म्हणून हट्ट धरून बसला. आत्याने व मामांनी जमीन तारण ठेवून कर्ज काढले. प्रशिक्षण, परीक्षा, दोनशे तासांचे उड्डाण आणि पुढे मोठ्या विमानाचे वेगळे शिक्षण एवढे सारे पार पडून तो एका विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून लागला, तेव्हा आमच्या रामनगरात पेढे वाटले गेले. गेल्या चतुर्थीला तो घरी आला. जो तो त्याला विचारी, "ढगातून कसे दिसते रे?" "भीती नाही वाटत?" आजी तेवढी गप्प होती. सर्वांचे विचारून झाल्यावर ती म्हणाली, "ते राहू दे. तू राहतोस कुठे? जेवतोस कुठे?" या प्रश्नावर मात्र आमचा वैमानिक अडखळला.

आजीने हा प्रश्न सहज विचारलेला नव्हता. ती सुप्याची. काळी नदीवर सुपा धरण झाले, पाणी चढले आणि सुपे गाव त्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि पुढे तालुक्याचे नावही तेच झाले. धरणाने उठवलेल्या माणसांपैकी कितीतरी कुटुंबे येथे रामनगरला येऊन वसली. ज्या बाईने आपली चूल उचलून दुसऱ्या ठिकाणी मांडली, तिला 'राहतोस कुठे' हा प्रश्न 'पगार किती' याहून मोठा वाटला तर नवल नाही.

भावाने मग सांगितले ते असे. त्याचे ठिकाण मुंबई. कंपनीने नोकरी दिली, गणवेश दिला, घर नाही. मुंबईत विमानतळाभोवती अंधेरी, मरोळ, विलेपार्ले, कालिना अशी वस्ती आहे. तेथे एका झोपण्याच्या खोलीच्या घराला चाळीस-पन्नास हजार रुपये भाडे सहज पडते. वर काही महिन्यांची अनामत आणि दलालाची दलाली. करार अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात पुन्हा तेच चक्र. घर दाखवताना दलाल पहिला प्रश्न विचारतो, "फॅमिली आहे का?" नाही म्हटले की अर्धी दारे बंद होतात. रात्री दोनला येणारा आणि पहाटे तीनला जाणारा एकटा पुरुष सोसायटीला नको असतो, मग तो वैमानिक असो वा आणखी कोणी.

"वैमानिकाला पगार भरपूर असतो, त्याची कसली कीव?" असे कोणी म्हणेल. माझ्या वर्गमित्रांनीही हेच म्हटले. पुढे कॅप्टन झाल्यावर तो भरपूर असतो हे खरेच. पण सुरुवातीचा हिशेब वेगळा आहे. पन्नास लाखांचे कर्ज, व्याज द. सा. द. शे. ११, मुदत दहा वर्षे असे धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९,००० रुपये होतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. या हप्त्यानंतर भाडे आणि मग जेवण. शिवाय उड्डाण सुरू होण्यापूर्वीच्या प्रशिक्षणाच्या महिन्यांत हाती येते ते पुष्कळदा विद्यावेतनच.

मग लांब राहावे, असा दुसरा सल्ला मिळतो. भावाने तोही करून पाहिला. बदलापूरला एका नातलगाकडे तो काही दिवस राहिला. पण मुंबईच्या लोकलगाड्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास थांबतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. पाचचे उड्डाण असेल तर वैमानिकाला चारलाच विमानतळावर उभे राहावे लागते. म्हणजे गाडी सुरू होण्याआधी त्याने पोहोचायचे! शेवटी चौघांनी मिळून मरोळला एक खोली घेतली आहे. एकाची झोपायची वेळ ती दुसऱ्याची कुकर लावायची वेळ. एकाचा गजर वाजला की चौघे जागे. "झोप होते का?" या माझ्या प्रश्नावर तो हसला, पण उत्तर दिले नाही.

हे न दिलेले उत्तर मला अस्वस्थ करते, कारण ते केवळ त्याचे खासगी दुःख नाही. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशी ५० माणसे गेली. विमानाची २४ वर्षांची सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ आईवडिलांकडे राहत होती. तिचे कामाचे ठिकाण नेवार्क. आदल्या रात्री ती मालवाहू विमानाने देश ओलांडून कामावर आली होती, अंथरुणावर पाठ टेकण्याची सोय नव्हती. तिचा वार्षिक पगार सुमारे १६,००० डॉलर असल्याचे त्या वेळी बाहेर आले आणि लोक थक्क झाले. कॅप्टनही फ्लॉरिडात राहणारा, नेवार्कला त्याचेही घर नव्हते. चौकशी मंडळाने अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे ठरविले. त्याचबरोबर दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, तो किती हे मात्र सांगता येत नाही, असेही म्हटले. तेव्हा सारा दोष घरभाड्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण वैमानिक काल रात्री कोठे झोपला, हा प्रश्न प्रवाशाच्या जिवाशी जोडलेला आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली आणि ती १ जुलै २०२५ पासून लागू झाली. रात्रीच्या कामावरील निर्बंध नोव्हेंबरपासून आले. डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द होऊन देशभर गोंधळ उडाला आणि काही नियमांतून तिला तात्पुरती सूट द्यावी लागली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच. नियम विश्रांतीचे तास मोजू शकतो. अंथरूण आणि छप्पर देऊ शकत नाही. चौघांच्या खोलीतले ४८ तास कागदावर विश्रांतीच असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फिरत्या कामाच्या माणसाने कोठे राहावे, हा प्रश्न विमानांनी प्रथम आणलेला नाही. आपल्या तालुक्यातच पाहा. कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगावकडे रेल्वे गेली ती १८८० च्या दशकात. इंजिन चालवणारा माणूस रुळांजवळच राहिला पाहिजे हे रेल्वेने पहिल्यापासून ओळखले. म्हणून रेल्वेच्या चाळी झाल्या, क्वार्टर्स झाली आणि बाहेरगावी गाडी नेणाऱ्या ड्रायव्हर-गार्डांसाठी मोठ्या स्थानकांवर 'रनिंग रूम' झाल्या, जेथे त्याला खाट आणि जेवण मिळते. वीज महामंडळानेही तेच केले. गणेशगुडी आणि अंबिकानगर येथील वसाहती कामाच्या शेजारी उभ्या राहिल्या.

गोव्याच्या खलाशांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. बोटीवर काम करणारा तारवटी मुंबईत येई आणि पुढच्या बोटीची वाट पाही. त्याच्यासाठी कोणत्याही कंपनीने घर बांधले नाही. तेव्हा गावांनीच धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापले 'कूड' काढले. नाममात्र भाडे, भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळची प्रार्थना. कोकणातल्या व घाटावरच्या गिरणीकामगारांच्या गावकीच्या खोल्या याच जातीच्या. पाळीपाळीने झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. त्या खोल्यांत सुख होते असे मी म्हणणार नाही. पण 'आमच्या गावचा पोर रस्त्यावर राहता कामा नये' ही जबाबदारी कोणीतरी उचलली होती.

विमान व्यवसायातही ही जबाबदारी एके काळी ओळखली गेली होती. कालिना येथील एअर इंडियाची वसाहत पिढ्यान्‌पिढ्या कर्मचाऱ्यांची होती. खासगीकरण ठरले तेव्हा, २०२१ साली, कंपनी हस्तांतरित झाल्यापासून सहा महिन्यांत घरे रिकामी करावीत असा निर्णय झाला. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेली. रहिवासी न्यायालयात गेले, आंदोलने झाली, आणि पुढे तेथील इमारती पाडण्याचे कामही सुरू झाले. जमीन मोलाची आहे, हे मान्य. पण विमानतळाशेजारची जी जागा कामगाराच्या झोपेसाठी होती ती गेली, आणि तिच्या बदल्यात काय आले, हे विचारायला नको काय?

नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्‌घाटन होऊन डिसेंबरात वाहतुकीला खुला झाला. त्यासाठी दहा गावे उठली. १९८४ च्या आंदोलनात तेथील शेतकऱ्यांनी रक्त सांडले, त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले आणि विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के भूखंड देण्याची योजना झाली. आता नवे वैमानिक, सामान उचलणारे, सफाई करणारे, सुरक्षारक्षक असे सारेच उलवे, पनवेल, कामोठे या भागांत खोल्या शोधू लागतील. अंधेरीचे जे झाले तेच तेथे होऊ द्यायचे की नाही, हे आताच ठरवायला हवे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी करता येतील. पहिली, विमानतळ चालवणाऱ्या आणि विमान कंपन्यांनी मिळून नव्या कर्मचाऱ्यांसाठी माफक भाड्याची वसतिगृहे बांधावीत. घर फुकट नको; पहिली दोन-तीन वर्षे परवडेल असे हवे. ते केवळ वैमानिकाला नको. ज्याच्या हातून विमानाचे चाक तपासले जाते त्याचीही झोप तेवढीच मोलाची आहे. दुसरी, ज्यांची जमीन गेली त्यांच्या सहकारी संस्थांना ही वसतिगृहे आणि खाणावळी चालवण्याचा पहिला हक्क द्यावा. म्हणजे उठवलेल्या माणसाला कायमचे उत्पन्न आणि आलेल्या माणसाला घरचे जेवण, दोन्ही साधतील. तिसरी, सर्व विमाने मोठ्या शहरांतच मुक्कामाला ठेवण्याचा आग्रह सोडावा. आपल्या जवळचा सांबऱ्याचा विमानतळ १९४२ सालचा. तेथे आता वैमानिकांचे प्रशिक्षणही चालते. आणखी काही विमाने रात्री सांबऱ्याला, हुबळीला मुक्कामाला राहिली आणि पहाटे तेथूनच निघाली, तर कित्येक तरुण बेळगावात निम्म्याहून कमी भाड्यात राहतील आणि घरच्यांना भेटत राहतील.

यात खर्च आहे, अडचणी आहेत, हे मी जाणतो. छोट्या गावातून प्रवासी पुरेसे मिळतात का, असे कंपन्या विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण धरण बांधताना इंजिनियरच्या वसाहतीचा आराखडा आधी तयार होतो, हे आपण येथे पाहिले आहे. मनात आले म्हणजे घराचा विचार आधीच करता येतो. तो कोणासाठी करायचा आणि कोणाला विसरायचे, एवढेच ठरवायचे असते. आमची आजी विसरल्या गेलेल्यांपैकी. म्हणूनच कदाचित तिला नातवाच्या गणवेशावरील पट्ट्यांपेक्षा त्याच्या अंथरुणाची काळजी.

मित्रहो, मराठीत घर म्हणा की कन्नडमध्ये मने म्हणा, त्याची ओढ सारखीच. आपल्यापैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी परिचारिका, कोणी बसचालक. साऱ्यांचीच कामे रात्री-अपरात्रीची. नोकरीची जाहिरात पाहताना आपण पगाराचा आकडा आधी पाहतो. त्याबरोबर आजीचा प्रश्नही विचारायला शिकू या.

चतुर्थी आटोपून भाऊ परत निघाला. लोंढ्याला गाडीत बसताना आजीने दिलेली चकल्यांची पिशवी त्याच्या हातात होती. "चौघांना पुरतील ना?" तिने निघताना विचारले होते. त्या खोलीतल्या बाकीच्या तिघांना तिने पाहिलेले नाही. पण तीही कोणाची तरी मुलेच.