पऱ्हाटीचा हिशेब चुलीपासून मांडा

औष्णिक वीज केंद्रांनी कोळशासोबत ५ टक्के जैवइंधन जाळावे, असे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणले. कापसाच्या विदर्भात या इंधनाचा अर्थ पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरलेली कपाशीची झाडे. देशात दरवर्षी सुमारे २३ कोटी टन शेती-अवशेष शिल्लक राहतात आणि त्यातून २८ हजार मेगावॉट वीज मिळू शकते, असा केंद्राचा अंदाज आहे. ‘इस्रो’च्या ‘भुवन’ पोर्टलवर त्याचे नकाशेही आहेत. प्रश्न ‘शिल्लक’ कशाला म्हणायचे, हा आहे.

उपग्रहाच्या चित्रावरून कपाशीचे क्षेत्र काढायचे आणि त्याला हेक्टरी दोन-तीन टनांनी गुणायचे, ही रीत सोपी आहे. पण विदर्भात कपाशीत तुरीचे तास असतात. दहा मीटरच्या चौकटीत दोन्ही पिके एकमेकांत मिसळून दिसतात. शिवाय पुढचे काही उपग्रहाला दिसतच नाही. वेचणी सरली की पऱ्हाटी चिमट्याने उपटली जाते. काही बांधावरच पेटवली जाते, काही कुंपणाला लागते आणि उरलेली अंगणात रचली जाते. सिलिंडर भरून आणणे ज्या घराला जड जाते, तिथली पावसाळ्यातली चूल याच ढिगावर पेटते. वीज केंद्रांसाठी पऱ्हाटी विकत घेणारा कारखाना बाजारभाव देऊ लागला की आधी हा ढीग विकला जाईल आणि मग सरपणासाठी बायांना जंगलाकडे वळावे लागेल. वनखात्याच्या नकाशावर ती तूट वेगळ्याच रंगात उमटेल.

वाहतुकीचेही तसेच. पऱ्हाटी फुगीर असते. ट्रॉली शिगोशिग भरते, पण वजन भरत नाही. कारखान्याभोवती कंपासने वर्तुळ काढून हिशेब होत नाही, कारण मध्ये नदी आली की रस्ता पुलाला वळसा घालून जातो. राज्यातले काही बायोमास वीजप्रकल्प इंधन महागल्यानेच बंद पडले.

पऱ्हाटी शेतातून वेळेवर निघावीच. ती पडून राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. म्हणूनच हा उद्योग आम्हाला हवा आहे. मात्र कारखान्याला परवाना देण्याआधी सरकारने तालुकावार नकाशा करावा, त्यातून चुलीचे सरपण आणि कुंपण वजा करावे, अंतर रस्त्याने मोजावे आणि तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. खरेदीचा दर ठरवताना उपटणीची मजुरी धरावी आणि तो दर पेरणीपूर्वी जाहीर करावा.