एकाकीपणाची किंमत शरीर मोजते

मध्यमवर्गीय कुटुंबांत आज आरोग्यविषयक जागरूकतेला तोटा नाही. रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांचे आकडे तोंडपाठ असतात. तेल कोणते वापरावे यावर हिरिरीने वाद होतात. पण मध्यरात्री छातीत कळ आली तर कोणाचे दार ठोठावता येईल, हा प्रश्न ना रुग्ण स्वतःला विचारतो, ना डॉक्टर रुग्णाला. एकाकीपणा हा मनाचा, फार तर कवींचा विषय, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत केवळ चुकीची नाही, ती जिवावर बेतणारी आहे.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात रोझेटो नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतून आलेल्या स्थलांतरितांनी ते वसविले. दगडांच्या खाणींत राबणारी ही मंडळी प्राण्यांच्या चरबीत रांधलेले अन्न खात, धूम्रपान करीत, मद्यही घेत. तरीही तेथे हृदयविकाराने मरणारे विलक्षण कमी. डॉ. स्ट्यूअर्ट वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात याचा कसून शोध घेतला. शेजारच्या बँगर गावाला पाणी तेच, डॉक्टर आणि रुग्णालयही तेच. पण तेथील मृत्यूंचे प्रमाण मात्र अधिक. फरक होता तो जगण्याच्या रीतीत. रोझेटोत तीन पिढ्या एका छपराखाली नांदत, वृद्धांच्या शब्दाला मान असे, संकटात अवघे गाव धावून येई आणि श्रीमंतीचे प्रदर्शन असभ्य मानले जाई. पुढे मुले शिकली, घरे ऐसपैस झाली, त्यांना कुंपणे आली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पन्नास वर्षांच्या तौलनिक अभ्यासाने दाखवून दिले की, जुने बंध सैल होताच रोझेटोचे हृदयही बँगरसारखेच दुबळे झाले.

एका गावाचा दाखला अपुरा वाटेल त्यांच्यासाठी पुरावा आणखी आहे. २०१० साली १४८ अभ्यासांचे, तीन लाखांहून अधिक व्यक्तींचे एकत्रित विश्लेषण झाले. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ, त्यांची जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. १९९७ साली अमेरिकेत २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडण्यात आले. ज्यांचा गोतावळा विविध होता, त्यांना सर्दी कमी झाली. यात चमत्कार काही नाही. एकटे पडलेले शरीर सतत धोक्याच्या पहाऱ्यावर उभे असते. ताणाची संप्रेरके वाढतात, झोप तुटते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्यांचा दाह वाढतो. शिवाय गोळी चुकली हे सांगणारे आणि वेळेवर रुग्णालयात नेणारेही कोणी नसते.

ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकाकीपणाचा प्रश्न एका मंत्र्याकडे सोपविला. ही बातमी वाचून आपल्याकडे अनेकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. हा तर पश्चिमेचा आणि श्रीमंत देशांचा रोग, आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालाने हा भ्रम पुसून टाकला आहे. जगात दर सहांपैकी एक व्यक्ती एकाकी आहे. श्रीमंत देशांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के, तर गरीब देशांत २४ टक्के. एकाकीपणाशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार.

परंपरेचे गोडवे गाणे सोपे आहे. ती पाळायला वेळ द्यावा लागतो. भरल्या घरात प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसला असेल, तर कोपऱ्यातील आजी एकत्र कुटुंबात राहूनही एकटीच. मुलगा परदेशातून नियमित पैसे पाठवतो, पण वडिलांच्या जेवणाला सोबत कोण, याचे उत्तर त्या पैशांत नसते. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला. त्या कायद्याने निर्वाहाची रक्कम मिळेल, मायेची विचारपूस मिळणार नाही.

म्हणून मंत्रालयाची वाट पाहण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी तपासणीच्या कागदावर ‘घरी कोण असते?’ हा एक प्रश्न वाढवावा. गृहनिर्माण संस्थांनी वाहनतळाच्या भांडणांतून सवड काढून आपल्या इमारतीत एकटे कोण राहते, याची नोंद ठेवावी. वाचनालये, भजनी मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांची गणना करमणुकीत न करता आरोग्यसेवेत करावी. आणि प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातून एकदा तरी शेजारचे एक बंद दार ठोठवावे. या औषधाला पैसे पडत नाहीत. ज्याचे दार उघडते आणि जो ते ठोठावतो, त्या दोघांनाही ते लागू पडते.