बंगल्याला शांतता, मोहल्ल्याला मिरवणूक

शहराच्या कारभाऱ्यांना देवाने दोन कान दिले आहेत. पैकी एक बंगल्यांच्या आळीकडे लागलेला असतो आणि दुसऱ्यात बोळा घातलेला असतो. कर्जाने पिचलेला शेतकरी राजधानीत जाऊन दोन घोषणा देतो तेव्हा बड्या लोकांची झोप मोडते, पर्यावरण बिघडते, कोर्टे जागी होतात. आणि तोच जमाव लाठ्या घेऊन, शिव्या घालीत विणकराच्या दारावरून जातो तेव्हा ती परंपरा ठरते, तिला परवाना मिळतो, वर पोलिसांचा बंदोबस्तही मिळतो. आमचे भांडण आहे ते ह्या दुहेरी मापाशी. हे रागाचे बोलणे नव्हे. सरकारनेच नेमलेल्या न्यायाधीशांच्या अहवालांत ते लिहून ठेवलेले आहे.

प्रथम भिवंडीचे घेऊ, कारण तेथे मारणारा हातही आपला होता आणि मेलेला माणूसही आपलाच होता.

भिवंडी हे मागावर जगणारे गाव. मोमीन विणकर पिढ्यान्‌पिढ्या तेथे धोटा फेकीत आले. पुढे तेलंगणातले पद्मशाली आले, उत्तरेकडचे मजूर आले. हातमाग गेले, यंत्रमाग आले, पण पोट मागाचेच राहिले. अशा गावात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीची मिरवणूक निघाली. सुमारे दहा हजारांचा जमाव, त्यांत तीन-चार हजार लोक आसपासच्या खेड्यांतून आणलेले, हातांत भगव्या झेंड्यांच्या लाठ्या. रस्ता कोणता? तर निजामपुऱ्यावरून, मुसलमानांच्या दाट वस्तीतून, मशिदीसमोरून. ह्या रस्त्यावरून, गुलालावरून आणि घोषणांवरून तंटा होतो हे काय कारभाऱ्यांस ठाऊक नव्हते? काही वर्षे तोच तंटा चालू होता. शांततेच्या बैठका झाल्या, चहा झाला, आणि रस्ता होता तोच राहिला. मग डिवचणाऱ्या घोषणा झाल्या, दगड आले, आणि गाव पेटले. दुसऱ्या दिवशी जळगाव पेटले. दोन्ही ठिकाणचे मिळून शंभरावर जीव गेले, त्यांत बहुतेक मुसलमान. घरे गेली, माग गेले. ज्याचा माग जळाला त्याची चूल तो कोणत्या धर्माचा म्हणून पेटणार आहे?

चौकशीला न्यायमूर्ती मादन बसले. त्यांनी दोन्हीकडच्या जातीय संघटनांना नावे ठेवली, एकालाच झोडपले नाही. परंतु दंग्याचे लगतचे कारण म्हणून त्यांनी मिरवणुकीतल्या लोकांच्या मुद्दाम केलेल्या चिथावणीकडेच बोट दाखविले. पुढे गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलीस पथकाने धर्म पाहून भेदभाव केला, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले.

आता आमच्या खेड्यांतल्या बंधूंना आम्ही विचारतो. ज्या राजाची जयंती, तो कुणब्यांचा राजा. त्याची रायगडावरची समाधी झाडझुडपांत हरवली होती, ती १८६९ साली जोतीरावांनी शोधून काढली आणि त्याच साली त्याचा पोवाडा लिहिला. त्या पोवाड्यातला राजा रयतेचा आहे. त्या राजाचे नाव घेऊन तुम्हांला गावातून आणले कोणी? तुमच्या हाती लाठी कोणी दिली, नि निजामपुऱ्याचा रस्ता कोणी आखला? आखणारे खटल्याच्या वेळी कोठे होते? बैल नांगराला जुंपला तर निदान त्याला कडबा तरी मिळतो.

मुंबईचे त्याहून वाईट. १९९२ च्या डिसेंबरात दंगल होऊन गेली होती, राख अजून गरम होती. २६ डिसेंबरपासून रस्त्यांवर महाआरत्या सुरू झाल्या. देवाची आरती देवळात होते. ती भर रस्त्यात, वस्तीच्या तोंडाशी का आणावी लागली, हे ज्याने त्याने समजून घ्यावे. शहरात जमावबंदी होती, पण हे धर्मकार्य म्हणून तिकडे कानाडोळा झाला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने १९९८ साली दिलेल्या अहवालात म्हटले आहे की काही महाआरत्यांत चिथावणीची भाषणे झाली, आणि तेथून परतणाऱ्या जमावांनी वाटेतल्या मुसलमानांच्या दुकानांची मोडतोड, लूट व जाळपोळ केली. दोन्ही दंगलींत मिळून ९०० माणसे मेली. आवाजाने त्रास होतो म्हणून रडणारे सभ्य नागरिक त्या रात्री कोठे गेले होते? आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!

बंब केव्हा धावतो ते पाहावयाचे असेल तर दिल्लीस चला. जंतरमंतरचा रस्ता हा देशभरच्या गांजलेल्यांचा ओटा. २०१७ साली तमिळनाडूचे शेतकरी मेलेल्या शेतकऱ्यांच्या कवट्या पुढे मांडून तेथे बसले होते. तेथील रहिवाशांनी हरित न्यायाधिकरणाकडे गाऱ्हाणे नेले, आणि ५ ऑक्टोबर २०१७ रोजी हुकूम सुटला: आंदोलने बंद, सर्वांनी रामलीला मैदानावर जावे. म्हणजे सरकारच्या दारातून उठून भाड्याच्या मैदानावर! राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २३ जुलै २०१८ रोजी सांगितले की रहिवाशांचा त्रास खरा आहे, परंतु त्यासाठी सरसकट बंदी चालणार नाही. पोलिसांनी नियम करावेत आणि थोडक्या लोकांस शांतपणे बसू द्यावे. निकाल बरा आहे. पण मधले नऊ महिने गरिबाचे तोंड बांधले गेले, त्याचा हिशेब कोणी दिला?

मुंबईतही नरिमन पॉइंट व चर्चगेटच्या रहिवाशांनी १९९७ साली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि मोर्चेवाल्यांच्या वाट्यास आझाद मैदान आले. २०२५ च्या ऑगस्टात मराठा आंदोलक आले तेव्हा परवाना होता पाच हजारांचा, सकाळी नऊ ते सायंकाळी सहापर्यंतचा. आले किती तरी पट. रस्ते अडले, लोकांचे हाल झाले, कोर्टाने रस्ते मोकळे करावयास लावले. ते हाल खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. आजारी माणूस, परीक्षेचे पोर, रात्रपाळी करून निजलेला गडी हे सर्वच वस्त्यांत असतात, बंगल्यात तसेच चाळीत. आमचे म्हणणे एवढेच की ही डोक्यांची मोजणी, हे घड्याळ, हा नकाशा मोहल्ल्यातून जाणाऱ्या मिरवणुकीच्या वेळीही कपाटातून बाहेर काढा.

कोणी म्हणेल, मग द्वेषाचे बोलणे आधीच बंद करून टाका, परवानाच देऊ नका. येथे आम्ही सावध आहोत. ज्या काठीने आज गुंडास हाकलाल ती उद्या आमच्याच पाठीवर बसेल. 'देशाचे दुश्मन' ह्या पुस्तकावरून जेधे-जवळकरांना कोर्टात उभे केले होते, हे ज्यांच्या आजोबांनी पाहिले ते विसरणार नाहीत. अमेरिकेतही हेच झाले. स्कोकी नावाच्या गावी हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले हजारो यहुदी राहात होते. तेथे १९७७ साली नाझी टोळीने मोर्चा आणावयाचे ठरविले. गावाने साडेतीन लाख डॉलरच्या विम्याची अट घातली. कोर्टांनी ती मोडून काढली, आणि शेवटी नाझींनी सभा शिकागोत घेतली. अट पैशाची असली की पैसेवाला द्वेष तिला ओलांडून जातो आणि फाटका मोर्चा अडकून पडतो. उलट ब्रुकफील्ड गावी एका डॉक्टराच्या घरासमोरच जमाव ठाण मांडून बसू लागला, तेव्हा एकाच घराला असा वेढा घालण्यावरची बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली मान्य केली. रस्त्यावर बोला, गावभर बोला, पण घरात बसलेल्या माणसाला पळावयास जागा नसते, हे त्या न्यायाधीशांस कळले.

आम्हीही फरक करावयाचा तो येथेच करतो. मंत्र्याच्या कचेरीवर जाणारा जमाव सत्तेकडे काही मागतो. विणकराच्या गल्लीत जाऊन त्याच्या धर्माला शिव्या देणारा जमाव काही मागत नाही. तो भीती घालतो. पहिल्याला जागा द्या. दुसऱ्याचा रस्ता बदला, वेळ दिवसाची ठेवा, लाठ्या खाली ठेववा, भाषणे टिपून घ्या, आणि चिथावणी झाली तर बोलणाऱ्यावर खटला भरा. कायदा नाही असे नाही. वैर पेटविणाऱ्या बोलण्यावर पूर्वी १५३-अ कलम होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे १९६ आहे. तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी आपण होऊन गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांस बजाविले आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा नियम तर २००० सालापासूनचा आहे.

हे होऊ शकते का? भिवंडीतच होऊन दाखविले गेले. १९८४ साली तेथे पुन्हा दंगल झाली. त्यानंतर १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. प्रत्येक वस्तीतले हिंदू-मुसलमान आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसू लागले, तेही दंगल झाल्यावर नव्हे, साध्या दिवसांत. नळाच्या भांडणापासून भाऊबंदकीपर्यंत सर्व तेथे निघू लागले. मिरवणूक यावयाच्या आधी पोलिसाला गल्लीतली माणसे नावानिशी माहीत असत. चार वर्षांनी शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडीत माग चालू होते. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, नवी फौज लागली नाही.

म्हणून गावोगावच्या बंधूंस आमची विनंती आहे. पुढच्या खेपेस तुम्हांस शहरात न्यावयास गाडी दारात आली, तर डिझेल कोणाचे आणि परवान्यावर सही कोणाची, हे आधी विचारा. आणि शहरातल्या कारागीर बंधूंनी आपल्या आळीतून जाणाऱ्या प्रत्येक मिरवणुकीच्या परवान्याची नक्कल मागवावी. रस्ता, वेळ व अटी त्यात लिहिलेल्या असतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. त्या कायद्यासाठी झगडणाऱ्यांत ते जंतरमंतरसाठी कोर्टात गेलेले राजस्थानचे मजूर-शेतकरी पुढे होते.