प्याल्याचा काठ

स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये शिरल्यावर उजव्या हाताला उंच छताची एक थंड खोली लागते. पूर्वी तिथे धर्मगुरूंची सभा भरत असे. आता समोर अलाबास्टरचं कोरीव काम आहे आणि त्याच्या मधोमध, काचेआड, एक प्याला. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री हाच हातात घेतला होता, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. 2019 साली मुलीबरोबर मी तिथे उभी होते. शेजारी एक म्हातारी बाई गुडघे टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. आम्ही निघालो तेव्हाही ती तिथेच होती.

प्याल्याला सोन्याचे कान आहेत, सोन्याचा दांडा आहे, खाली मोती आणि पाचू. माझी नजर मात्र वरच्या वाटीवर गेली. तांबूस-तपकिरी, आतून उजेड झिरपल्यासारखा दगड. मी 34 वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे आणि माझं गाव नेवासे तालुक्यातलं. नांगरट झाली की आमच्या शेतात अशाच गारगोट्या वर येतात. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांत हजारो वर्षं सिलिका साचत जाते आणि अकीक तयार होतो. पोरं त्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडतात. वॅलेन्सियाचा प्याला अकीकाचा आहे.

तो दगड आमच्याकडचा, असं मी म्हणणार नाही. पण दख्खनचा अकीक त्या काळी त्या दिशेला जात होता हे पक्कं आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाणाऱ्या या जातीच्या दगडाची नोंद आहे. उलट दिशेने काय येत होतं, तेही आमच्या मातीने जपून ठेवलं: नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं मिळाली. गोदाकाठचा दगड तिकडे आणि तिकडचा द्राक्षारस गोदाकाठी, हा व्यवहार येशूच्या जन्माच्या आगेमागे चालू होता. शाळेत हा धडा शिकवताना मला दर वर्षी नव्याने आनंद व्हायचा.

स्पॅनिश पुरातत्त्वज्ञ अंतोनिओ बेल्त्रान यांनी 1960 मध्ये हा प्याला सुटा करून तपासला. वरची वाटी पूर्वेकडच्या एखाद्या कार्यशाळेत, ख्रिस्तपूर्व शेवटच्या शतकांपासून ख्रिस्तानंतरच्या पहिल्या शतकापर्यंत कधीतरी घडली असावी, असं त्यांचं मत पडलं. कान आणि दांडा मध्ययुगातले. तळाचा भाग म्हणजे उपडं घातलेलं वेगळंच दगडी भांडं, आणि त्यावर अरबी अक्षरं कोरलेली आहेत. म्हणजे आज जो दिसतो तो प्याला अनेक हातांनी, अनेक शतकांत जुळवलेला आहे. लिखित इतिहासात तो ठळकपणे येतो 1399 मध्ये. सान हुआन दे ला पेन्या या डोंगरातल्या मठाने तो आरागॉनच्या मार्तिन राजाला दिला. 1437 मध्ये तो वॅलेन्सियाच्या कॅथेड्रलकडे आला. 1744 च्या गुड फ्रायडेला एका धर्मगुरूच्या हातून निसटला आणि दुभंगला, मग सोनाराने सांधला. 1936 मध्ये यादवी पेटली, कॅथेड्रलला आग लागली. त्याआधी काही तास एलियास ओल्मोस या धर्मगुरूंनी तो बाहेर काढला होता. साबिना सुए नावाच्या बाईंनी तो आपल्या घरात लपवला. त्या बाईंबद्दल मला फार आपुलकी वाटते. पुढे 1982 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि 2006 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी वॅलेन्सियात याच प्याल्याने मिस्सा केली.

पण ख्रिस्ताचा प्याला म्हणवणारं हे एकच भांडं नाही. इटलीतल्या जिनोआमध्ये हिरवं षटकोनी ताट आहे. 1101 च्या धर्मयुद्धातल्या लुटीत ते मिळालं आणि अख्ख्या पाचूचं म्हणून शतकानुशतकं मिरवलं. नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला गेलं, परत आलं ते फुटून, आणि फुटल्यावर सगळ्यांना दिसलं की ती काच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अँटिऑकचा चांदीचा नक्षीदार प्याला आहे. त्याच्या आतली साधी वाटी हीच खरी, असं काहींनी एके काळी मानलं. आज अभ्यासक त्याला दिवा समजतात. ‘ग्रेल’ हा शब्दही बायबलमधला नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियँ द त्रुआ या फ्रेंच कवीच्या काव्यात तो जेवणाचं मोठं ताट म्हणून आला, आणि रोबेर द बोराँने त्याला शेवटच्या भोजनाशी जोडलं. खरा कोणता, या प्रश्नावर इतकी पुस्तकं आणि इतके चित्रपट निघालेत की आता आपल्याकडची मुलंही मला तोच प्रश्न विचारतात.

मला हा प्रश्न चुकीच्या जागी लावलेल्या कुलुपासारखा वाटतो.

यरुशलेममध्ये त्या काळी जेवणाची भांडी कसली असत, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मातीची होतीच. फुंकून काच घडवण्याची कला नवी होती आणि तिच्या फार जुन्या खुणा त्याच शहरात सापडल्या आहेत. आणि खडूसारख्या मऊ चुनखडीची भांडी घरोघर होती. शहराजवळ हिझ्मा इथे आणि स्कोपस डोंगरावर ती कोरण्याचे कारखानेच मिळाले. दगडाचा एवढा खप का? कारण विटाळ. लेवीय पुस्तकातला नियम असा की मातीच्या भांड्यात मेलेली पाल किंवा उंदीर पडला तर ते भांडं अशुद्ध झालं, ते फोडायचं. दगडाला मात्र विटाळ लागत नाही, असं शास्त्री मानत. काना गावच्या लग्नात पाणी भरलेले सहा रांजण दगडी होते, हे योहान मुद्दाम नोंदवतो, ते यामुळे.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मडकं बाटलं की फोडायचं, पितळ घासून घ्यायचं, हा नियम आपल्या आज्या-पणज्यांना तोंडपाठ होता. येशू जेवायला बसायचा तो जकातदारांबरोबर, ज्यांच्या पंगतीला कोणी बसू नये अशांबरोबर, आणि त्याच्यावरचा मोठा आरोप तोच होता. त्या रात्रीचं भांडं दगडाचं, मातीचं की काचेचं, याबद्दल मार्क एक अक्षर लिहीत नाही. त्यातून सगळे प्याले, एवढं मात्र तो आठवणीने लिहितो.

त्याहूनही जुना लेखी उल्लेख पौलाचा. इसवी सन 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात प्रभूच्या प्याल्याची गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली, आणि ती आली कानउघाडणी करताना. करिंथचे सधन लोक लवकर येऊन खाऊन-पिऊन तर्र व्हायचे. कामावरून उशिरा सुटणारे गरीब उपाशी राहायचे. या प्याल्याबद्दलचा आपला सर्वांत जुना कागद म्हणजे कोणाला प्यायला मिळालं आणि कोणाला नाही, याची तक्रार आहे. तो ग्रेलच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या मंडळीचा प्याला जर्मन सिल्व्हरचा. उंची वीतभर, काठाला एका बाजूला चेमटलेला. माझ्या आजोबांच्या वडिलांनी महारवाड्यातून पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला. गावात चहाचं हॉटेल होतं. आमच्या लोकांच्या कपबश्या बाहेरच्या कोनाड्यात असत. ज्याची त्याने विसळायची आणि चहा वरून ओतून घ्यायचा. ख्रिस्ती झालो म्हणून कपबशी आत आली नाही. मी लहान असताना बाबांनाही त्याच कोनाड्यातून चहा पिताना पाहिलं आहे.

ही झाली गावाची गोष्ट. आमची स्वतःची गोष्ट सांगायला जास्त जड जाते. 1930 च्या दशकात मांगवाड्यातलं एक कुटुंब मंडळीत आलं. पहिल्याच प्रभुभोजनाला प्याला त्यांच्याकडून पुढे सरकला आणि आमच्यातली चार-पाच घरं उठून बाहेर गेली. ज्यांना गावाने कोनाड्यात ठेवलं, त्यांनीच दुसऱ्यासाठी कोनाडा केला. आजी मला हे सांगायची तेव्हा तिचा हात भाकरीच्या पिठात असायचा. “तुझ्या आज्यानं त्या मानसाच्या हातून प्याला घेतला, प्याला, अन् मला दिला. माझा हात कापला गं. पर प्याले. घरी आले, चूल पेटीवली. काय नाय झालं.” बाहेर गेलेल्यांपैकी दोन घरं पुढच्या पावसाळ्यात परत आली. बाकीची आली नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याशी झालेली आपली झटापट न लपवता लिहिली आहे. त्या चित्पावन घरातल्या, आजी आमच्या वाड्यातली. भांड्यापुढे दोघींचा हात सारखाच थबकला होता.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने सामान्य लोकांना प्याला देऊ नये असं ठरवलं. तो धर्मगुरूनेच प्यायचा. त्याच उन्हाळ्यात बोहेमियाचा धर्मसुधारक यान हुस याला तिथे जाळलं. त्याच्या मागून बोहेमियातले शेतकरी आणि कारागीर उठले. त्यांच्या झेंड्यावर प्याल्याचं चित्र होतं, आणि त्यासाठी ते वर्षानुवर्षं लढले. सोन्याचा प्याला मिळावा म्हणून कोणी लढलं नाही. आम्हालाही प्यायला मिळावं, एवढीच मागणी होती. कॅथॉलिक चर्चने सामान्यांसाठी ही वाट पुन्हा मोकळी केली ती 1963 नंतर.

भांड्याच्या मोलाचा प्रश्न मिलानच्या बिशप अँब्रोजने चौथ्या शतकातच सोडवला होता. गॉथ लोकांनी माणसं पकडून नेली, तेव्हा त्याने चर्चची पवित्र भांडी वितळवली आणि त्या पैशातून बंदी सोडवले. टीका झाली, तो बधला नाही. वॅलेन्सियाच्या प्याल्याची परंपरा सांगते की तो रोमहून स्पेनला पाठवला संत लॉरेन्सने. हा तोच लॉरेन्स, ज्याच्याकडे 258 साली चर्चचा खजिना मागितला गेला आणि त्याने शहरातले गोरगरीब आणून उभे केले, अशी कथा आहे. त्या काचेसमोर उभी असताना मला ही कथा सारखी आठवत होती.

मी सातवीत असताना आमच्या मंडळीत ट्रे आला. त्यात 40 भोकं आणि प्रत्येकात अंगठ्याएवढी काचेची वाटी. ही पद्धत 1890 च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. कॉखने क्षयाचा जंतू 1882 मध्ये दाखवला होता आणि एका काठाला सगळ्यांचे ओठ, या कल्पनेने लोक धास्तावले होते. ती भीती खोटी नव्हती; माझी एक आत्या क्षयानेच गेली. पण ट्रे आला त्या रविवारी आमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती जंतूंपासूनची नव्हती. आजीने ती ओळखली. ती म्हणाली, “आता कुनाच्या मागून प्यायचं, ह्येचा इचारच उरला नाय.” पुढे काचेच्या जागी प्लास्टिक आलं, आणि करोनानंतर काही ठिकाणी भाकर आणि रस दोन्ही सीलबंद डबीत मिळतात. आपापली डबी उघडायची, प्यायचं, टाकून द्यायचं.

मला ट्रे बंद करायचा नाही. म्हातारे, आजारी, लहान मुलं यांचा विचार करावाच लागतो. माझं मागणं वर्षातल्या एका रात्रीपुरतं आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, ज्या रात्रीची ही आठवण आहे त्या रात्री, मराठी मंडळ्यांनी आपला जुना एकच प्याला बाहेर काढावा. दर माणसानंतर काठ स्वच्छ रुमालाने पुसावा, प्याला थोडा फिरवावा. ज्याला खोकला आहे किंवा ज्याचा धीर होत नाही, त्याला पाळकांनी भाकर रसात बुडवून द्यावी. पण रांग एकच असावी, आणि कोण कोणाच्या मागे हे आधी ठरवलेलं नसावं. जातीचा शब्द आता आम्ही तोंडाने काढत नाही. मुलामुलींची लग्नं जुळवताना मात्र तो कसा डोकावतो, हे प्रत्येक मंडळीला माहीत आहे. त्यामुळे ही रात्र काही जणांना कठीण जाईल. मलाही जाईल. आजीचा हात कापला होता, माझा कापणार नाही असं मी कशाला म्हणू.

आमचा प्याला गेली 20 वर्षं मंडळीच्या कपाटात, जुन्या हजेरीवह्यांच्या मागे पडून होता. गेल्या महिन्यात पाळकांना विचारून मी तो घरी आणला. लिंबू आणि राखेने घासला. आतला काळा थर निघाला, काठाचा चेमटा निघाला नाही. त्यावर बोट फिरवलं की तो बरोबर खालच्या ओठाच्या जागी येतो. वडीलमंडळाला पत्र दिलं आहे. बैठक पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे, आणि प्याला मी पिशवीत घालून बरोबर नेणार आहे.