मांसक्षय आणि आदराची भाषा

भारतीय साहित्यात जरेची वर्णने विपुल आहेत. जरेची कारणमीमांसा मात्र तुरळक. भर्तृहरीच्या ‘वैराग्यशतका’त वृद्ध देह येतो तो विरक्तीचा दाखला म्हणून. त्याचा काव्यार्थ एकदा ठरून गेला, की तो देह नेमका कशाने झडला हा प्रश्न अरसिक ठरतो. वैद्यकपरंपरेचे तसे नव्हते. ‘सुश्रुतसंहिते’ने मांसक्षयाची वेगळी नोंद करून गाल, मांड्या, पोटऱ्या सुकण्यापर्यंत त्याची लक्षणे दिली आहेत. पाश्चात्त्य वैद्यकात वार्धक्यातील या क्षयाला आजचे रूढ नाव मिळण्यास १९८८ साल उजाडावे लागले. अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचविलेल्या ‘सार्कोपेनिया’ या ग्रीक घडणीच्या शब्दात मांस आणि दारिद्र्य असे दोन अर्थ जुळले आहेत. ‘मांसदारिद्र्य’ हा पर्याय मराठीने विचारात घेण्याजोगा आहे. दारिद्र्य म्हटले की त्याची कारणे विचारली जातात.

नव्वदीच्या देहातील काही कारणे वयाचीच होत. स्नायूंना चेतविणारे तंतू घटतात, संप्रेरके मंदावतात, खाल्लेल्या प्रथिनांचे मांस करण्याची शक्ती बोथट होते. म्हणूनच वृद्धाला प्रथिने तरुणाहून अधिक लागतात. मधुमेह आणि जुनाट आजार त्यात भर घालतात. उरलेली कारणे मात्र घरातली आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे ते इथे. रात्री पेजेवर भागविणारी आजी, दात नाहीत म्हणून वरणाचे नुसते वरचे पाणी, विधवेच्या पानातून व्रताच्या नावाखाली वजा झालेले जिन्नस, आणि ‘तुम्ही आता बसा’ हे आदराचे वाक्य! हातातली कळशी, निवडायचे धान्य, बाजाराची फेरी काढून घेतली जाते ती मायेनेच. पुढे एखाद्या तापात आठ-दहा दिवस अंथरूण धरले, की मांड्यांतून गेलेले बळ आपोआप परतत नाही. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, तोल जातो, हाड मोडते. आणि घर म्हणते, ‘वय झाले’.

या दोन शब्दांनी चौकशी संपते, ही खरी हरकत आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या प्रयोगात ८६ ते ९६ वयाच्या दहा आश्रमवासीयांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला गेला. तो पुरा करणाऱ्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. प्रयोग लहान खरा. तरी अशा वयात स्नायू प्रतिसाद देतो, एवढे त्याने दाखविले. मराठी कथेतील आजोबा मात्र बहुधा पहिल्याच परिच्छेदात आरामखुर्चीत बसलेले असतात. त्यांना तिथे कोणी आणि केव्हा बसविले, याकडे कथाकाराचे क्वचितच लक्ष गेलेले असते.